ॲडमिट करायचं की ये-जा करून भागेल? व्यसनावरच्या उपचाराची पातळी ठरवताना

“किती महिने ठेवता?” आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. आम्हाला मात्र त्याआधी तीन गोष्टी हव्या असतात. रोज किती लागतं, शेवटचं कधी घेतलं आणि पूर्वी बंद केलं तेव्हा काय झालं? ॲडमिट करायचं की नाही, याचं निम्मं उत्तर यातच मिळतं.

आधी शरीराचा विचार

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. फिट येण्याची भीती पहिल्या 48 तासांत जास्त. काहींना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, दिवस-वार कळत नाही, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर ते जिवावर बेतू शकतं. ज्याला पूर्वी दारू थांबवताना फिट आली किंवा असा भ्रम झाला, त्याने घरी दारू सोडायचा प्रयोग करू नये. अशा माणसाला आम्हीही आधी हॉस्पिटलातच पाठवतो. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची सवय लागली असेल तर त्याही अचानक बंद करू नयेत. डॉक्टर त्यांचा डोस पायरीपायरीने उतरवतात.

हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेचं वेगळं आहे. ती सोडतानाचा त्रास भयंकर वाटतो, पण सहसा जीव घेत नाही. खरा धोका नंतरचा. काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि मग जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. त्यामुळे नुसतं डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवणं) करून घरी पाठवणं आम्हाला धोक्याचं वाटतं. अफूजन्य नशेच्या जागी डॉक्टर देतात ती ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं दीर्घकाळ चालू ठेवल्याने मृत्यू कमी होतात. ‘ही तर एक नशा सोडून दुसरी’ असं कोणी म्हणालं, तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय औषध थांबवू नका.

मग घराचा

शरीराला मोठा धोका नाही, माणूस स्वतःहून येतोय, घरात कोणी पीत नाही आणि कामधंदा चालू आहे, अशा वेळी आठवड्यातून एक-दोनदा समुपदेशन आणि डॉक्टरांची औषधं यांवर बऱ्याच जणांचं भागतं. तेवढ्याने पाय घसरत असेल तर दिवसा येऊन रात्री घरी जाण्याचा कार्यक्रम असतो. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनच्या निकषांत त्याच्याही दोन पायऱ्या आहेत. एकीत आठवड्याला किमान 9 तास, दुसरीत किमान 20.

निवासी उपचार मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना घरी परतलं की त्याच संध्याकाळी पुन्हा प्यावंसं वाटतं, किंवा ज्यांच्या घरातच बाटली असते. सोबत तीव्र नैराश्य असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ असलेली जागाच हवी, तीही त्याच दिवशी.

जास्त महिने ठेवलं की जास्त गुण येतो, असा समज आहे. मुक्काम लांबवण्यात आमचाच फायदा असतो, हेही लक्षात असू द्या. बाहेर पडल्यावर पाठपुरावा नसेल, तर लांबलेला मुक्काम फारसा उपयोगी पडत नाही. पातळी एकदाच ठरत नाही, हेही महत्त्वाचं. दर काही आठवड्यांनी आढावा घेऊन ती वर किंवा खाली न्यावी लागते. पुन्हा सुरू झालं म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. बहुधा आधार लवकर कमी केलेला असतो.

एक विनंती आहे. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी जेवणातून नकळत देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो. हे औषध घेणाऱ्याला माहीत असूनच घ्यायचं असतं.

पहिल्या भेटीला येताना

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट आणा. रोज घेतलेलं प्रमाण खरं सांगा, कमी करून सांगितलं तर औषधाचा डोस चुकतो. व्यक्ती नशेत असेल तर गाडी दुसऱ्या कोणी चालवावी. रोज पिणाऱ्याने भेटीची तयारी म्हणून आदल्या दिवशी दारू एकदम बंद करू नये. फिट आली, भ्रम झाला किंवा श्वास मंदावला तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट जवळच्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या.