नागपूरच्या उन्हाला जाड ऑइल लागतं का?

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, "गरमी वाढलीय, या वेळी इंजिनात जाड ऑइल टाकू." ऐकायला पटतं. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि गाडी नीट तापली की ऑइल १०० च्या आगेमागे असतं. बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १५, बेअरिंगमधल्या ऑइलला फारसा फरक पडत नाही. (हवेवर थंड होणाऱ्या बाइकची गोष्ट वेगळी.)

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. या ग्रेडमध्ये तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक) असतो, ४० मध्ये १२.५ ते १६.३. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. ५डब्ल्यूची एक चाचणी उणे ३० अंशांवर होते. अशी थंडी आपल्याकडे नसते, तरी या आकड्याला अर्थ आहे. काकवी गरम असताना धार धरते, गार झाली की बरणीतून हलत नाही, ऑइलचंही तसंच. रात्रभर उभ्या गाडीत ते खाली उतरलेलं असतं. सकाळी सेल मारल्यावर ते वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचेतो धातूवर धातू घासतो.

पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, तर ऑइलच्या थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. ती फट आणि ऑइलचा पंप ठरावीक दाटपणा धरूनच आखलेले असतात. ऑइल त्याहून पातळ असलं तर थर तुटतो, जाड असलं तर ते ढवळण्यातच इंधन जातं.

मला जास्त काळजी वाटते ती बीएस-६ डिझेल गाड्यांची. त्यांच्या धुराड्यातला डीपीएफ फिल्टर अडकलेली काजळी जाळून टाकतो. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठत जाते. म्हणून अशा गाड्यांसाठी कमी राखेची ऑइलं बनवतात. युरोपच्या ऑइल-मानकांतल्या 'सी३' वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. मॅन्युअलमध्ये सी३ लिहिलं असेल आणि डब्यावर नुसतंच ५डब्ल्यू-३० असेल, तर दाटपणा जुळूनही ते ऑइल त्या गाडीचं नव्हे.