ग्राफिक्स कार्ड आहे, पण ते कामाला लागलंय का?

नवरात्रात बडोद्यात रात्री फोटो काढणाऱ्या सगळ्यांची रड एकच. मैदान दिव्यांनी झगमगत असतं, पण कॅमेऱ्याला तो उजेड पुरत नाही. गिरकी घेतलेला चनिया (घेरदार घागरा) स्थिर पकडायचा तर शटर सेकंदाच्या ५०० व्या भागापुरतंच उघडता येतं. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ६४०० वर न्यावा लागतो आणि घरी येऊन बघावं तर चेहऱ्यांवर रंगीत दाणेच दाणे. यात कॅमेऱ्याचा दोष थोडाच असतो. प्रकाश सुट्या सुट्या फोटॉनांनी येतो आणि त्यांच्या संख्येत चढउतार होतोच, साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च पडले तर १० चा, म्हणजे थेट दहा टक्के. कॅमेरा कितीही महागाचा घेतला तरी हा हिशोब चुकत नाही.

दाणे काढायचे तर गणितानेच. त्यातली एक नावाजलेली पद्धत २००५ साली मांडली गेली, नॉन-लोकल मीन्स. एखादा पिक्सेल सुधारायचा तर त्याच्याभोवतीचा छोटा तुकडा घ्यायचा, आसपास तसाच दिसणारा तुकडा कुठे कुठे आहे ते शोधायचं आणि जे जुळतात त्यांची सरासरी काढायची. कल्पना साधी, पण हिशोब करून बघा. समजा १५ बाय १५ च्या चौकटीत शोधायचं, म्हणजे २२५ ठिकाणं. फोटो २४ मेगापिक्सेलचा. तुलना झाल्या ५४० कोटी, आणि ५ बाय ५ चा तुकडा धरला तर प्रत्येक तुलनेत २५ वजाबाक्या. प्रोग्रॅम लिहिणारे यात बऱ्याच क्लृप्त्या लढवतात, तरीही हे काम प्रोसेसरला घाम फोडतं.

गंमत अशी, की यातला प्रत्येक पिक्सेल आपापला स्वतंत्र आहे. शेजाऱ्याचं उत्तर तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. ग्राफिक्स कार्ड अशाच कामासाठी बनलेलं असतं. एनव्हिडियाच्या कार्डात ३२ धाग्यांचा (एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या कामांचा) एक गट असतो आणि गटातल्या सगळ्यांना एका वेळी एकच सूचना मिळते, गरब्याच्या रिंगणात सगळ्यांची टाळी एकाच मात्रेवर पडते तशी. असे शेकडो गट एकदम नाचत असतात. मात्र गटातल्या काहींना वेगळं पाऊल टाकायचं असलं, की बाकीचे तेवढा वेळ उभे राहतात. दाणे काढण्यात 'असं असेल तर हे, नाहीतर ते' फारसं नसतं, म्हणून हे काम कार्डाला मानवतं.

लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले, धुवायचे तर डार्कटेबल हा माझ्या पसंतीचा प्रोग्रॅम. तो फुकट आहे हे खरं, पण मुख्य कारण म्हणजे तो कार्डाचा मनापासून वापर करतो. रॉथेरपीही याच कामाची आणि छान आहे, पण तिची सगळी भिस्त प्रोसेसरवर. डार्कटेबल कार्डाशी बोलतो ते ओपनसीएलमधून. ही ॲपलने पुढाकार घेऊन सुरू केलेली आणि ख्रोनोस या उद्योगसमूहाने २००८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेली खुली प्रमाणपद्धत. अडचण एवढीच, की ओपनसीएल सापडलं नाही तर डार्कटेबल कुरकुर करत नाही. गुपचूप प्रोसेसरवर काम उरकतो. फोटो तसाच्या तसा होतो, फक्त वेळ लागतो, त्यामुळे काही बिनसलंय अशी शंकाही येत नाही.

दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरने मला विचारलं, "भाऊ, नवं कार्ड घेऊ का? फोटो बाहेर काढायला फार वेळ लागतो." म्हटलं, आधी आहे ते चालतंय का बघू. टर्मिनलमध्ये सीएलइन्फो ही, ओपनसीएलला काय काय सापडतंय ते दाखवणारी, आज्ञा दिली. पहिल्याच ओळीत प्लॅटफॉर्मची, म्हणजे वापरता येणाऱ्या ओपनसीएल व्यवस्थांची, संख्या: शून्य. तीच आज्ञा पुढे सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिली, तर एक! म्हणजे ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) जागेवर होता, कार्डही ठणठणीत होतं, फक्त त्याच्या खात्याला कार्डाला हात लावायची परवानगी नव्हती. रेंडर नावाच्या ग्रुपात त्याचं नाव घातलं, लॉगआउट करून परत आत आलो आणि डार्कटेबलच्या सेटिंगमधला ओपनसीएलचा इतके दिवस करडा पडलेला चौकोन टिचकी मारता येईल असा झाला. नव्या कार्डाचे पैसे वाचले.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर घाला, खुल्या नूवो ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका. इथे उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती वापरणाऱ्यांना एक हमखास ठेच लागते. सिक्युअर बूट (मान्य सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या वेळी मशीन चालू करताना निळा पडदा येतो. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हरची सही मान्य होत नाही आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला दारातच अडवतो. त्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रोग्रॅम बंद डब्यात देणाऱ्या पद्धतीने, डार्कटेबल घेतला असेल तर आणखी एक भानगड: त्याच्या आत ड्रायव्हरची वेगळी प्रत असते आणि तिची आवृत्ती बाहेरच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते.

इंटेलचं काम सोपं, त्यांचं ओपनसीएलचं पॅकेज घातलं की झालं. एएमडीवाल्यांनी मात्र बरीच वर्षं हाल सोसले. मेसा या खुल्या ड्रायव्हरसंचातल्या क्लोव्हर या जुन्या ओपनसीएल ड्रायव्हरला चित्रं हाताळायचा भाग धड जमत नव्हता आणि डार्कटेबलचं त्यावाचून पान हलत नाही. कंपनीचं स्वतःचं रॉकएम हे पॅकेज चांगलं, पण जुन्या कार्डांना ते लवकर वाऱ्यावर सोडतं. २०२२ च्या शेवटी मेसा २२.३ मध्ये रस्ट भाषेत लिहिलेलं रस्टिकल हे नवं ओपनसीएल आलं आणि सुटकेची वाट दिसली. ते आपोआप चालू झालं नाही, तर एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग) ड्रायव्हरचं नाव देऊन जागं करावं लागतं.

सगळं जुळलं की डार्कटेबल पहिल्यांदा उघडायला उशीर लावतो. आपल्या कार्डासाठी तो छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून, म्हणजे कार्डाच्या भाषेत उतरवून, साठवत असतो. तेव्हा बिघडलं म्हणून बंद करू नका.

आता कार्ड खरोखर घ्यायचंच असेल तर दुकानदार कोअर (हिशोब करणारे भाग) मोजून दाखवेल, तुम्ही मेमरी विचारा. डार्कटेबल प्रत्येक पिक्सेलसाठी ३२ बिटांचे चार आकडे धरतो, म्हणजे १६ बाइट. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो झाला ३८४ एमबी. आत येणारा एक आणि बाहेर पडणारा एक धरले तर ७६८, शिवाय मधल्या कच्च्या कामाची जागा वेगळी. २ जीबीच्या कार्डात, पडद्यासाठी लागणारी मेमरी सोडून, हे बऱ्याचदा मावत नाही. मग फोटोचे तुकडे करून ते एकेक पाठवावे लागतात आणि सांधे दिसू नयेत म्हणून कडा एकमेकांवर चढवाव्या लागतात, म्हणजे तेवढे पिक्सेल दोनदा मोजायचे. त्यातच एखादी प्रक्रिया कार्डासाठी लिहिलेलीच नसेल, तर सगळा फोटो मदरबोर्डच्या मेमरीत परत, तिथे प्रोसेसरवर काम, आणि पुन्हा कार्डात. कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा १६ पदरी रस्ता सेकंदाला सुमारे १६ जीबी नेतो, म्हणजे ३८४ एमबीची एक खेप सेकंदाच्या चाळिसाव्या भागात होते. एका खेपेने काही बिघडत नाही, पण तुकडे आणि फेऱ्या वाढल्या की वेळ तिथेच मुरतो.

वापरलेलं ८ जीबीचं कार्ड आणि कोरं ४ जीबीचं एकाच किमतीला मिळत असेल तर मी ८ चं घेईन, मात्र त्या पिढीला ड्रायव्हर अजून मिळतोय ना, हे आधी पाहून. आणि डिस्ट्रोचं (उबुंटूसारख्या लिनक्सच्या आवृत्तीचं) मोठं अपडेट झालं, की सीएलइन्फो पुन्हा एकदा चालवून बघायचं, शक्यतो नवरात्राच्या आठवडाभर आधी.