फ्लिप-अप हेल्मेट उघडे ठेवून दुचाकी चालवणे

ज्या हेल्मेटचा हनुवटीपुढचा भाग (चिन बार) काचेसकट कपाळावर उचलता येतो, त्याला फ्लिप-अप किंवा मॉड्युलर हेल्मेट म्हणतात. बंद असताना ते फुल-फेस हेल्मेटचे काम करते. उचलल्यावर ते ओपन-फेससारखे दिसते, पण अपघातात तसे वागेलच याची खात्री नसते. म्हणून ‘उघडे ठेवून चालवले तर चालते का?’ या प्रश्नाला सगळ्या फ्लिप-अप हेल्मेटांसाठी एकच उत्तर नाही. हातातल्या मॉडेलची उघड्या स्थितीत चाचणी झाली आहे की नाही, यावर ते ठरते.

हा प्रकार बाजारात रुजवला तो बीएमडब्ल्यूच्या ‘सिस्टीम’ हेल्मेटने. १९८१ साली आलेले हे हेल्मेट जर्मनीतील शुबर्थ कंपनीने बनवले होते. चष्मा न काढता हेल्मेट घालता यावे, थांबल्यावर बोलता यावे, पाणी पिता यावे, या त्यामागच्या सोयी. भारतात वेगा क्रक्स, स्टड्ज निंजा अशा स्वस्त मॉडेलांमुळे फ्लिप-अप सर्वसामान्य दुचाकीस्वारापर्यंत पोहोचले. त्याबरोबर हनुवटी (म्हणजे चिन बार) वर करून शहरभर फिरण्याची सवयही पसरली. उकाडा, पावसाळ्यात काचेवर धरणारी वाफ, फोनवर बोलण्याची घाई आणि चष्म्यावरचे धुके ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

पी, जे आणि पी/जे

युरोपात आणि संयुक्त राष्ट्रांचा करार मानणाऱ्या इतर देशांत हेल्मेटला ईसीई २२ या नियमाखाली मान्यता मिळते. बराच काळ चाललेली त्याची आवृत्ती २२.०५; सध्याची २२.०६. मान्यतेची पट्टी गळ्याखालच्या पट्ट्यावर शिवलेली असते. वर्तुळात ‘ई’ आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो: १ म्हणजे जर्मनी, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन, ११ ब्रिटन. त्याखाली ०५ किंवा ०६ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक, मग तिरपी रेघ आणि एक रोमन अक्षर. हे अक्षरच इथे निर्णायक आहे.

‘जे’ म्हणजे हनुवटीला आवरण नसलेले हेल्मेट. ‘पी’ म्हणजे हनुवटीचे आवरण आहे आणि ते संरक्षण देते असे चाचणीत सिद्ध झाले आहे. ‘एनपी’ म्हणजे आवरण आहे, पण ते संरक्षक नाही. वारा आणि चिखल अडवण्यापुरतेच. ‘पी/जे’ अशी दोन्ही अक्षरे असतील तर ते हेल्मेट बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींत तपासून मान्य झालेले आहे. फक्त ‘पी’ लिहिलेले फ्लिप-अप हेल्मेट बंद स्थितीपुरतेच मान्य असते. उत्पादकाने उघडण्याची सोय दिली ती थांबल्यावर वापरण्यासाठी, आणि अशा हेल्मेटच्या माहितीपुस्तिकेत सहसा तसे स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिका खोक्यातच राहते आणि खोके माळ्यावर जाते, ही खरी अडचण.

‘पी’ अक्षर कशाने मिळते हेही पाहण्यासारखे आहे. २२.०५ मध्ये हेल्मेटचे कवच सेकंदाला ७.५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २७ किलोमीटरने, ऐरणीवर आपटतात. हे साधारण २.९ मीटर उंचीवरून पडण्याएवढे. हनुवटीच्या भागाचा आघात सेकंदाला ५.५ मीटर वेगाने सपाट ऐरणीवर घेतात. आतल्या कृत्रिम डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींपेक्षा जास्त असता कामा नये. २२.०६ मध्ये कमी आणि जास्त वेगाचे आघात वाढवले आहेत आणि ४५ अंशांच्या तिरप्या ऐरणीवरची चाचणी आली आहे. डोके गर्रकन फिरल्याने मेंदूला होणारी इजा मोजणे हा तिचा उद्देश. उघड्या फ्लिप-अपच्या बाबतीत नेमकी हीच इजा चिंतेची आहे. कारण पुढे येईल.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २१८ मानकात, म्हणजे डॉट चिन्हात, हनुवटीच्या भागाची चाचणीच नाही. त्यामुळे केवळ डॉटचे स्टिकर पाहून फ्लिप-अपच्या चिन बारबद्दल काहीच सांगता येत नाही. ते बंद असतानाही नाही आणि उघडे असतानाही नाही.

भारतीय कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक चालकाने आणि मागे बसणाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी ठरवलेल्या मानकाचे हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. कलमातील स्पष्टीकरणात दोन कसोट्या दिल्या आहेत: आकार, साहित्य आणि बांधणी पाहता अपघातात काही प्रमाणात संरक्षण मिळेल अशी वाजवी अपेक्षा करता आली पाहिजे, आणि हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे. कलम १९४-ड खाली उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. प्रत्यक्ष तडजोड शुल्क राज्ये आपापल्या अधिसूचनेने ठरवतात.

चिन बार वर असावा की खाली, याबद्दल कलम १२९ काही बोलत नाही. ओपन-फेस हेल्मेट भारतात कायदेशीरच आहे. म्हणून आयएसआय चिन्हाचे फ्लिप-अप उघडे ठेवले आणि पट्टा लावला असेल, तर केवळ त्यासाठी ‘हेल्मेट नाही’ अशी पावती फाडण्याला कलमाच्या शब्दांत थेट आधार दिसत नाही. पट्टा सुटा असेल तर मात्र आधार स्पष्ट आहे. हेल्मेट डोक्यावर असूनही ते कायद्याच्या अर्थाने घातलेले नाही. हनुवटी उघडी ठेवणाऱ्यांपैकी कित्येक जण पट्टाही लावत नाहीत. सिग्नलवर सगळे उघडायचे आणि हिरवा पडताच तसेच निघायचे, ही सवय दोन्ही चुका एकत्र आणते.

विक्रीबाबत नियम वेगळा आहे. हेल्मेटांसाठीचा २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जून २०२१ पासून लागू झाला. तेव्हापासून भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकी हेल्मेटवर आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्ह लागते. फक्त ईसीई असलेले परदेशी हेल्मेट कितीही महाग असले तरी ही अट पूर्ण करत नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. आयएसआय चिन्हाशेजारी मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक असतो; उघड्या स्थितीतल्या चाचणीबद्दल त्यावरून काही कळत नाही. ज्यांना उघडे चालवायचेच आहे त्यांनी आयएसआय आणि ईसीई पी/जे अशी दोन्ही चिन्हे असलेले मॉडेल घ्यावे. परवाना क्रमांक खरा आहे का ते भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येते.

ब्रिटनमधील १९९८ चे हेल्मेट नियमही मान्य मानक आणि बांधलेला पट्टा यांवरच उभे आहेत. पण मान्यता ज्या स्थितीची आहे त्याबाहेर वापरलेले हेल्मेट मान्य धरायचे का, हा वाद ईसीई मानणाऱ्या देशांत खरा ठरू शकतो. युरोपात बाइक भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांनी पट्टीवर ‘पी’ एकटाच असेल तर चालू गाडीवर हेल्मेट बंदच ठेवावे.

उघड्या स्थितीत काय बिघडते

पहिला तोटा उघड आहे: जबडा, दात आणि नाक मोकळे राहतात. जर्मनीतील हानोव्हरच्या अपघात-संशोधनात डिटमार ऑटे यांनी हेल्मेटांवरील आघातांच्या जागा नोंदवल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले. दुचाकीस्वार बहुतेकदा पुढे फेकला जातो, आणि हँडल, गाडीचे बॉनेट किंवा रस्ता यांना आधी चेहरा भिडतो.

दुसरा तोटा ओपन-फेसमध्येही नसतो. उचललेला चिन बार कपाळावर टोकासारखा बाहेर येतो. डोके रस्त्यावर घासत जाताना गुळगुळीत गोल कवच घसरते. बाहेर आलेला भाग अडतो आणि डोक्याला झटका देऊन फिरवतो. मानेवर पीळ येतो आणि मेंदूला फिरण्याचा धक्का बसतो. चिन बार १८० अंश फिरून थेट मागे जाऊन कवचाला चिकटतो अशी शार्क इव्होलाइन किंवा एलएस२ व्हॅलियंट यांसारखी रचना याबाबतीत सरस आहे. पुढचा उंचवटाच तिथे राहत नाही. किंमत आणि वजन जास्त असले तरी वारंवार उघडे चालवणाऱ्यासाठी हाच प्रकार योग्य.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा. उभा राहिलेला चिन बार सुमारे २० गुणिले १० सेंटीमीटरचा अडथळा धरला, तर ताशी ४० किलोमीटरला त्यावर साधारण दीडशे ग्रॅम वजनाइतका, ८० ला सहाशे ग्रॅमइतका आणि १०० ला जवळपास साडेनऊशे ग्रॅमइतका जोर मागे ढकलतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय हेल्मेटचे वजन वर सरकलेले असते. मान दुखते, आणि बाजूला बघायला वळल्यावर वारा डोके आणखी ओढतो.

चौथा प्रश्न सगळ्यांत अनपेक्षित आहे. वर अडकवायची खाच झिजली असेल तर खड्ड्याच्या धक्क्याने चिन बार अचानक खाली येतो, अर्ध्यावर अडकतो आणि नेमका डोळ्यांसमोर काळा पट्टा उभा राहतो. म्हणून पी/जे मॉडेलांपैकी काहींत, उदाहरणार्थ शोई निओटेक २ मध्ये, उघडी स्थिती पक्की करणारी वेगळी खिट्टी असते. ती असेल तर लावल्याशिवाय निघू नये. डोळ्यांचा प्रश्न राहतोच, कारण मुख्य काच वर गेलेली असते. आतली काळी सन-व्हायझर दिवसा थोडे काम करते. रात्री ती लावून चालवणे धोक्याचे. पारदर्शक गॉगल जवळ ठेवावा.

वाफ आणि उकाडा यांवरचे खरे उपाय

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या धुक्यात काच उघडण्याची गरज कुणी नाकारणार नाही. पण तिच्यासाठी हनुवटी उचलावी लागत नाही. काच एक बोटभर वर करावी. बहुतेक हेल्मेटांत पहिल्या टप्प्यावर ती स्थिर राहते. हनुवटीचा वायुमार्ग उघडावा, श्वास काचेकडे जाऊ न देणारा नाकावरचा पट्टा बसवावा. शक्य असल्यास पिनलॉक घ्यावे. ही आतून बसणारी दुसरी पातळ काच असून दोन काचांमधल्या हवेच्या थरामुळे थंड काचेवर बाष्प साचत नाही. साबणाचा थेंब चोळून पुसणे हा स्वस्त उपाय एखाद्या फेरीपुरता टिकतो.

घालणे, तपासणे, सांभाळणे

हनुवटी उचलून, पट्ट्याची दोन्ही टोके बाहेर ओढून हेल्मेट घालावे. आधी पट्टा लावावा, मगच हनुवटी खाली आणावी. क्रम उलटा झाला की पट्टा विसरतो. खाली आणताना दोन्ही बाजूंनी ‘टक्’ ऐकू आले पाहिजे. मग बटणाला हात न लावता चिन बार खालून दोन्ही हातांनी वर ढकलून पाहावा. एकच बाजू अडकली असेल तर ती इथेच सुटते. स्कार्फ, रुमाल किंवा केस खाचेत अडकणे हे अर्धवट बंद होण्याचे नेहमीचे कारण, आणि अर्धवट बंद चिन बार आघातात उघडतो. ब्रिटिश सरकारच्या शार्प या हेल्मेट-चाचणी कार्यक्रमात फ्लिप-अप हेल्मेटचे गुण देताना किती टक्के आघातांत चिन बार पूर्ण बंद राहिला हेही जाहीर करतात. मॉडेल निवडताना मिळालेल्या ताऱ्यांइतकाच (स्टार रेटिंग) तो आकडा पाहावा. धातूचे हुक आणि धातूची खुंटी असलेले चिन बारचे कुलूप प्लॅस्टिकपेक्षा उशिरा झिजते.

पेट्रोल पंप, टोलनाका, पोलिसांशी बोलणे, पत्ता विचारणे: हनुवटी उचलण्याच्या जागा या. गाडी न्यूट्रलला, पाय जमिनीवर. निघण्याआधी खाली.

बिजागरीत गेलेली धूळ मऊ ब्रशने आणि कोमट पाण्याने काढावी, रबरी कडेला सिलिकॉनचा हलका हात द्यावा. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने कवच पुसू नये. पॉलिकार्बोनेट त्याने ठिसूळ होते आणि तडा बाहेरून दिसतही नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे, कारण आतला थर्माकोल दबला की पुन्हा फुगत नाही. कुलूप एकदाही आपोआप सुटले, तर दुरुस्ती होईपर्यंत ते हेल्मेट वापरातून बाजूला ठेवावे.