कूपर घराणे (बर्कहॅम्स्टेड)

इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातले, मेंढ्यांच्या खरजेवरील औषधाने नावारूपाला आलेले उद्योजक घराणे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे पारशी घराणे वेगळे. या दोघांचा संबंध नाही.

मूळ पुरुष विल्यम कूपर (१८१३–८५) हा श्रॉपशरमधील क्लनबरी या खेड्याचा. १८४० च्या दशकाच्या आरंभी तो बर्कहॅम्स्टेडला येऊन गुरांचा डॉक्टर म्हणून काम करू लागला. त्या काळी मेंढ्यांना खरूज झाली, की मेंढपाळ लोकर बोटांनी फाकवून कातडीवर डांबर, तंबाखूचे पाणी किंवा पाऱ्याचे मलम चोळीत. एकेका मेंढीवर फार वेळ जाई आणि कळप मोठा असला तर शेवटच्या मेंढीपर्यंत पोहोचेतो पहिली पुन्हा खाजवू लागे. सोमल (आर्सेनिक) आणि गंधक यांच्यापासून पाण्यात मिसळणारी भुकटी कूपरने तयार केली आणि १८५२ च्या सुमारास तिचा कारखाना काढला. हीच ‘कूपर्स डिप’.

भुकटी पाण्यात कालवून हौद भरायचा आणि मेंढ्या एकामागून एक त्यात सोडायच्या. पोहत पलीकडे जाताना प्रत्येकीचे डोके काठीने क्षणभर पाण्याखाली दाबत. बाहेर उतारावर त्यांना निथळत ठेवत, म्हणजे अंगावरचे औषधी पाणी परत हौदात येई. औषधाने खरजेचे किडे मरत, अंडी मात्र वाचत; म्हणून ती फुटल्यावर, साधारण दोन आठवड्यांच्या आत, कळपाला दुसरी बुडी द्यावी लागे. औषधाइतकेच महत्त्व त्याच्या कोरडेपणाला आहे. पुड्यांत बांधलेला हलका माल जहाजाने कुठेही जाई, पाणी गिऱ्हाइकाचे. बर्कहॅम्स्टेडला कालवा होता, रेल्वे होती. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना येथील अफाट कळपांपर्यंत हा माल पोहोचला. वेष्टने आणि जाहिराती छापायला कंपनीने स्वतःचा छापखाना काढला. त्याला नाव दिले क्लनबरी प्रेस. गाव सुटले तरी गावाचे नाव सुटले नाही.

विल्यमला मूलबाळ नव्हते. त्यामुळे धंदा काकांकडून पुतण्यांकडे गेला आणि पेढीचे नावही ‘विल्यम कूपर अँड नेफ्यूज’ असेच पडले. विल्यम फार्मर हा पुतण्या काकांच्या हयातीतच वारला. पुढे हेन्री हर्बर्ट हा दुसरा पुतण्याही १८९१ मध्ये गेला. उरला रिचर्ड पॉवेल कूपर (१८४७–१९१३). तोही व्यवसायाने गुरांचा डॉक्टर. सगळी मालकी त्याच्या एकट्याच्या हाती आली. जातिवंत जनावरांच्या निर्यातीतही त्याने लक्ष घातले. १९०५ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. गुरांचा डॉक्टर ‘सर’ झाला.

या पैशाची सर्वांत ठळक खूण मेंढ्यांपासून दूर, एसेक्सच्या किनाऱ्यावर आहे. फ्रिंटन येथील जमीन विकत घेऊन रिचर्ड पॉवेलने १८९० च्या दशकात तेथे प्रतिष्ठितांसाठी टुमदार वसाहत आखली. गोल्फचे मैदान झाले. दारूचे गुत्ते आणि भाड्याच्या खोल्यांची घरे यांना मात्र मज्जाव. गावात पहिला पब उघडायला २००० साल उजाडले.

त्याचा मुलगा सर रिचर्ड अॅशमोल कूपर (१८७४–१९४६) राजकारणात रमला. १९१० ते १९२२ या काळात तो वॉलसॉलचा खासदार होता आणि १९१७ मध्ये हेन्री पेज क्रॉफ्टबरोबर त्याने ‘नॅशनल पार्टी’ हा कडवा राष्ट्रवादी पक्ष काढला. पक्ष अल्पायुषी ठरला. धंद्यात मात्र त्याच्या काळात मोठी घडामोड झाली : १९२५ मध्ये प्रतिस्पर्धी मॅक्डूगल यांच्याशी एकत्रीकरण होऊन ‘कूपर, मॅक्डूगल अँड रॉबर्टसन’ ही कंपनी उभी राहिली. मँचेस्टरचे हे मॅक्डूगल पिठासाठीही प्रसिद्ध होते. १९५९ मध्ये वेलकम फाउंडेशन या औषध कंपनीने ती विकत घेतली.

सोमलयुक्त औषधांची जागा पुढे दुसऱ्या कीटकनाशकांनी घेतली. सोमल मात्र मातीत विरून जात नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशी औषधे वापरलेल्या जुन्या हौदांभोवतीची जमीन आजही दूषित आढळते आणि तेथे घरे बांधण्यापूर्वी मातीची तपासणी करावी लागते.