अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती निवृत्त कसे होतात? पात्रता, कागदपत्रे आणि तारखेमागचं राजकारण

आपल्याकडे न्यायमूर्ती कधी निवृत्त होणार हे त्यांच्या जन्मतारखेवरून कळतं. उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. म्हणूनच पुढचे सरन्यायाधीश कोण आणि त्यांच्यानंतर कोण, हे वकील मंडळी कित्येक वर्षं आधी सांगू शकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अशी तारीखच नाही. नऊ न्यायमूर्ती, नेमणूक तहहयात, आणि खुर्ची कधी सोडायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे तिथे एका न्यायमूर्तीचं निवृत्तीचं पत्र ही देशभरातली मोठी राजकीय बातमी होते. तिकडे राहणारे मराठी लोक अशा वेळी विचारतात की याला नियम काही आहेत की नाहीत. नियम आहेत, आणि ते फारसे अवघडही नाहीत.

पद किती काळ?

अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संघीय न्यायाधीश ‘सद्वर्तन असेपर्यंत’ पदावर राहतात. वयाची अट नाही, मुदत नाही. काढायचं तर महाभियोग. म्हणजे व्यवहारात दोनच वाटा उरतात: स्वतःहून बाजूला होणं किंवा पदावर असताना मृत्यू.

पात्रता

राजीनामा कोणीही, कधीही देऊ शकतो, पण पात्रता नसताना दिला तर निवृत्तिवेतन मिळत नाही. पूर्ण पगाराइतकं निवृत्तिवेतन हवं असेल तर वय आणि सेवा यांची बेरीज ८० भरावी लागते. तिकडे याला ‘रूल ऑफ एटी’ म्हणतात. वय ६५ असेल तर सेवा १५ वर्षं, ६६ ला १४, ६७ ला १३, ६८ ला १२, ६९ ला ११ आणि ७० किंवा पुढे १० वर्षं. इथे दोन ठिकाणी गल्लत होते. सेवा ३० वर्षांची असली तरी वय ६५ च्या आत असेल तर चालत नाही. आणि वय कितीही असलं तरी १० वर्षांपेक्षा कमी सेवा चालत नाही. सेवा मोजताना खालच्या संघीय न्यायालयांतली वर्षं धरतात, राज्याच्या न्यायालयातली नाही.

उदाहरण न्यायमूर्ती एलेना केगन यांचं घेऊ. जन्म एप्रिल १९६०, शपथ ऑगस्ट २०१०, त्याआधी न्यायाधीशपद नाही. ६५ वर्षं एप्रिल २०२५ मध्ये भरली, पण १५ वर्षांची सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये पुरी झाली, म्हणून पात्रता ऑगस्टपासून. क्लॅरेन्स थॉमस (जन्म १९४८) आणि सॅम्युएल अलिटो (जन्म १९५०) ही रेघ कधीच ओलांडून गेलेत. ब्रेट कॅव्हनॉ यांची सेवा २००६ पासूनची असली तरी ६५ वर्षं २०३० मध्ये भरतील. एमी कोनी बॅरेट यांना तर २०३७ पर्यंत थांबावं लागेल.

दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे पद पूर्णपणे सोडणं. त्यात शेवटचा पगार आयुष्यभर तसाच मिळत राहतो, पुढे वाढत नाही. २०२४ मध्ये सहयोगी न्यायमूर्तींचा पगार वर्षाला २,९८,५०० डॉलर होता, त्यावरून अंदाज येईल.

दुसरा प्रकार म्हणजे ‘सिनियर स्टेटस’. यात नियमित काम थांबतं, खुर्ची रिकामी होते, पण न्यायाधीशपद शाबूत राहतं. सर्वोच्च न्यायालयात परत बसता येत नाही. मात्र सरन्यायाधीशांनी नेमलं तर खालच्या संघीय न्यायालयांत खटले ऐकता येतात. सँड्रा डे ओ’कॉनर आणि डेव्हिड सूटर यांनी असं काम बरंच केलं. ठरावीक प्रमाणात काम केल्याचा दाखला मिळाला तर पगारवाढीचाही फायदा मिळतो. बहुतेक न्यायमूर्ती हाच प्रकार निवडतात.

ही सोय १ मार्च १९३७ च्या कायद्याने आली आणि तिची वेळही राजकीयच होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींची संख्या वाढवायला निघाले होते. त्यांच्या योजनांना विरोध करणाऱ्या ज्येष्ठांपैकी विलिस व्हॅन डेव्हान्टर यांनी या कायद्याचा आधार घेऊन १८ मे १९३७ ला निवृत्तीचं पत्र पाठवलं. त्याच दिवशी सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) न्यायविषयक समितीने रूझवेल्ट यांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. जागा आपोआपच मिळाल्यावर संख्या वाढवण्याचा हट्ट लंगडा पडला.

प्रकृतीमुळे निवृत्ती

कायमची असमर्थता आली तर वयाची अट लागत नाही. न्यायमूर्तीने तसं राष्ट्राध्यक्षांना लेखी कळवायचं आणि सोबत सरन्यायाधीशांच्या सहीचा असमर्थतेचा दाखला जोडायचा. सेवा १० वर्षांची असेल तर पूर्ण पगार, कमी असेल तर निम्मा. ही वाट फार कमी वापरली जाते, कारण आपल्याला आता जमत नाही असं स्वतःच लिहून द्यायचं असतं.

कागदपत्रे

छापील अर्ज नाही, पोर्टल नाही, प्रतिज्ञापत्र नाही. राष्ट्राध्यक्षांच्या नावे एक सही केलेलं पत्र पुरतं, आणि ते बहुतेक वेळा एका पानातच संपतं. त्यात सहसा कायद्याच्या कलमाचा उल्लेख असतो (सिनियर स्टेटससाठी अमेरिकी कायदेसंहितेच्या अठ्ठाविसाव्या शीर्षकाचं कलम ३७१ ब), निवृत्ती कधीपासून ते असतं, आणि चार ओळी आभाराच्या. पेन्शनचे बाकीचे कागद न्यायालयीन प्रशासन पाहतं. जोडीदारासाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना वेगळी आणि ऐच्छिक आहे. त्यात पगारातून वर्गणी कापली जाते, त्यामुळे ती वेळेत निवडलेली असावी लागते.

या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तारखेचं असतं, आणि ते प्रत्येकाने वेगळं लिहिलं आहे.

जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी ९ एप्रिल २०१० ला कळवलं की उन्हाळी सुट्टी लागली की दुसऱ्या दिवसापासून मी निवृत्त. त्यात अट नाही. अँथनी केनेडी यांनी २७ जून २०१८ ला पत्र दिलं आणि ३१ जुलै ही तारीख घातली. तेही सरळ.

ओ’कॉनर यांनी १ जुलै २००५ च्या पत्रात मात्र उत्तराधिकाऱ्याची नेमणूक मंजूर होईल तेव्हापासून निवृत्ती असं लिहिलं. मग सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश रेन्क्विस्ट वारले, ओ’कॉनर यांच्या जागेसाठी सुचवलेले जॉन रॉबर्ट्स रेन्क्विस्ट यांच्या जागी गेले, हॅरिएट मायर्स यांचं नाव मागे घ्यावं लागलं आणि अलिटो मंजूर होईपर्यंत ३१ जानेवारी २००६ उजाडला. तोवर ओ’कॉनर काम करत राहिल्या.

स्टीफन ब्रायर यांनी २७ जानेवारी २०२२ च्या पत्रात दोन्ही जोडलं: उन्हाळी सुट्टीला निवृत्त होईन, मात्र तोवर उत्तराधिकारी मंजूर झालेला असेल असं गृहीत धरून.

अर्ल वॉरन यांनी जून १९६८ मध्ये तारीखच घातली नाही, ती राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या मर्जीवर सोडली. जॉन्सन यांनी उत्तर दिलं की उत्तराधिकारी तयार होईपर्यंत थांबा. त्यांनी सुचवलेले एब फोर्टस सिनेटमध्ये अडकले, नाव मागे घ्यावं लागलं, निवडणूक झाली आणि वॉरन यांची जागा भरण्याची संधी शेवटी रिचर्ड निक्सन यांना मिळाली. निक्सन यांच्या हाती ती जागा जाऊ नये अशीच वॉरन यांची इच्छा होती.

पत्र मागे घेता येतं का?

अटीचं पत्र असेल तर येतं. अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स विन यांनी २०२४ च्या सुरुवातीला उत्तराधिकारी मंजूर झाल्यावर सिनियर स्टेटस घेईन असं कळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले, बायडन यांनी सुचवलेलं नाव बारगळलं आणि डिसेंबरमध्ये विन यांनी आपलं पत्र मागे घेतलं. हा प्रश्न आपल्याकडेही आलेला आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी १९७७ मध्ये पुढची तारीख घालून राजीनामा दिला आणि ती तारीख येण्याआधी मागे घेतला. १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मागे घेणं वैध ठरवलं.

पत्रानंतर

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, एफबीआय पार्श्वभूमी तपासते, उमेदवार सिनेट समितीची लांबलचक प्रश्नावली भरतो, समितीपुढे काही दिवस सुनावणी होते आणि मग शंभर जणांच्या सिनेटमध्ये मतदान. २०१७ पासून साधं बहुमत पुरतं. समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत निर्णायक.

वेळ का महत्त्वाची

राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा आणि सिनेटमध्ये बहुमत कोणाचं, ही दोन उत्तरं एकाच बाजूची असतील तेव्हाच आपल्या विचाराचा माणूस आपल्या खुर्चीवर येण्याची खात्री असते. सिनेटच्या एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी निवडणुकीला लागतात, त्यामुळे ही खिडकी दोन वर्षांतही बंद होऊ शकते. केनेडी यांनी मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या) निवडणुकीच्या चार महिने आधी पत्र दिलं. त्यांच्या जागी त्यांचेच एके काळचे लॉ क्लर्क (कायद्याच्या कामातले मदतनीस) कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ मतांनी आले.

ब्रायर यांच्या वेळी सिनेट ५० विरुद्ध ५० होतं. बायडन यांच्या पक्षाचा एक सदस्य कमी झाला असता तरी अडचण झाली असती. आणि ज्या दिवशी ब्रायर यांनी पत्र दिलं, त्याच दिवशी त्या पक्षाचे न्यू मेक्सिकोचे सिनेटर बेन रे लुहान पक्षाघाताच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झाले. सुदैवाने ते बरे होऊन परतले आणि केतांजी ब्राऊन जॅक्सन ७ एप्रिलला ५३ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाल्या. सर्वोच्च न्यायालयाची पुढच्या तीन दशकांची एक जागा एका माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून असावी, हे मला भयंकर वाटतं.

वेळ चुकली तर काय होतं याचं उदाहरण रूथ बेडर गिन्सबर्ग. १९९३ पासून पदावर, २००९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उपचार. २०१४ पर्यंत ओबामा राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटही त्यांच्याच पक्षाचं. निवृत्त व्हा असा आग्रह तेव्हा बराच झाला, त्या राहिल्या. १८ सप्टेंबर २०२० ला ८७ व्या वर्षी गेल्या. निवडणुकीला आठ दिवस असताना, विरोधी पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या बॅरेट यांची नेमणूक मंजूर झाली. थर्गुड मार्शल यांनी उलट प्रकृती साथ देईना म्हणून १९९१ मध्ये जाहीर केलं आणि विरोधी विचाराच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात जागा सोडली. त्यांच्या जागी थॉमस आले. मार्शल २४ जानेवारी १९९३ ला वारले, त्यांच्या विचाराला जवळचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीनंतर चौथ्या दिवशी.

या दोघांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. म्हाताऱ्या, आजारी माणसाने स्वतःच्या मृत्यूचा हिशेब निवडणुकीच्या तारखेशी जुळवावा अशी अपेक्षा ज्या व्यवस्थेत निर्माण होते, तिथे चूक व्यवस्थेची आहे. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी न्यायमूर्तींना १८ वर्षांची मुदत असावी असं सुचवलं. तसं झालं तर दर दोन वर्षांनी एक जागा ठरल्याप्रमाणे रिकामी होईल. घटनादुरुस्तीने हे करायचं तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते, त्यामुळे ते लवकर होईल असं दिसत नाही.

सध्याच्या कायद्यातही एक गोष्ट मात्र न्यायमूर्तींच्या हातात आहे. उत्तराधिकाऱ्याची अट न घालता, स्टीव्हन्स यांच्यासारखं सत्र संपण्याच्या दोन-तीन महिने आधी साध्या तारखेचं पत्र द्यावं. सिनेटला उन्हाळ्यात सुनावणी घेता येते, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी नवं सत्र सुरू होताना नऊही खुर्च्या भरलेल्या असू शकतात, आणि आपली जागा कोणाला मिळावी याची अट जाणाऱ्या न्यायमूर्तीच्या सहीखाली राहत नाही.