‘ऑपरेशन झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

विश्रामबाग, सांगली येथील आमच्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याकडून, प्राणी दत्तक घेणाऱ्यांसाठी

दत्तक घेतलेलं कुत्रं पहिल्यांदा आमच्याकडे येतं तेव्हा बरोबर एक वाक्य हमखास येतं, “हिचं ऑपरेशन झालंय.” कसलं, कधी, कुठे, याचा कागद मात्र क्वचितच असतो. उलटंही होतं. काही वर्षांपूर्वी एक गावठी कुत्री आमच्याकडे आली होती. कार्डावर ‘लस दिली’ एवढंच लिहिलेलं. पोटावरचे केस काढल्यावरही जुना व्रण दिसला नाही, म्हणून पिल्लं होऊ नयेत यासाठीची शस्त्रक्रिया करायला आम्ही पोट उघडलं. आत गर्भाशय नव्हतंच. ते आधीच कुणीतरी काढलेलं होतं. त्या मुक्या जिवाला भूल, टाके, दहा दिवसांचं दुखणं, सगळं विनाकारण सोसावं लागलं. तेव्हापासून या बाबतीत आम्ही शब्दाला फार जपतो.

सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे ‘नसबंदी’. त्याचा खरा अर्थ नळी बांधणं किंवा कापणं. माणसांत तेच करतात. अंडाशय, वृषण जागेवरच राहतात. कुत्र्या-मांजरांत सहसा असं करत नाहीत, कारण नुसती नळी बांधली तर कुत्री माजावर येतच राहते आणि पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोकाही तसाच राहतो. हा आजार जिवावर बेततो. म्हणून मादीचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढतात. प्राणिमित्र याला ‘स्पे’ म्हणतात. नराचे दोन्ही वृषण काढतात, त्याला ‘न्यूटर’. दोन्हींसाठी नेमका मराठी शब्द ‘निर्बीजीकरण’. बातम्यांत कधी कधी ‘कुत्र्यांचे निर्जंतुकीकरण’ असं छापून येतं, ते चूक आहे. निर्जंतुक करतात ती कात्री आणि चिमटे.

‘खच्ची करणे’ हा शब्द आम्ही टाळतो. जत-आटपाडीकडे खोंड पाडून चिमट्याने नस चेचताना ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याच्या अंगावर आपल्या कुत्र्यासाठी हा शब्द ऐकताच काटा येणारच. आमच्याकडे पूर्ण भूल देऊन, लहानसा छेद घेऊन शस्त्रक्रिया होते. “मग तो घर राखायचा नाही,” ही भीतीही या शब्दातूनच येते. घर राखणं वृषणांवर अवलंबून नसतं. माजावरच्या कुत्रीमागे गावभर भटकणं आणि त्यातून होणारी भांडणं कमी होतात, एवढं खरं. भूक वाढते, म्हणून भाकरी जरा हात राखून घाला. आणि नर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो. महिनाभर त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा.

“एकदा पिल्लं होऊ द्या, मग करू,” असं घरातली मोठी माणसं मायेपोटी सांगतात. पण एका बाळंतपणाने कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. भाटी, म्हणजे मांजराची मादी, तर चार-पाच महिन्यांचीच माजावर येऊ शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, त्यामुळे तिच्या बाबतीत वाट पाहू नका. मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी योग्य वय वेगळं असतं, ते प्रत्यक्ष तपासून ठरवू.

‘एबीसी झालेली’ असंही ऐकाल. एबीसी हे भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रण कार्यक्रमाचं नाव. त्याचे सध्याचे नियम २०२३ चे आहेत. त्यात निर्बीजीकरणाबरोबर रेबीजची लसही देतात आणि खूण म्हणून कानाच्या टोकाला खाच पाडतात. ती खाच पाहून कुत्रं कुणीतरी छळलं असं समजू नका. मात्र खाच शस्त्रक्रियेची खात्री देते, लसीची मुदत सांगत नाही. लस वेळेवर पुन्हा द्यावीच लागते.

आमच्या कार्डावर आता ‘ऑपरेशन’ हा शब्द नसतो. ‘गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढले’ किंवा ‘दोन्ही वृषण काढले’ असं लिहून खाली तारीख टाकतो. दत्तक घेताना तुम्हीही एवढंच लेखी मागा. कागद नसेल तर ज्यांनी प्राणी दिला त्यांना आमच्यासमोरच फोन लावा. मादी असेल तर भूल देण्याआधी सोनोग्राफी करून घेऊ.