मत्स्यपेटीतील जलशुद्धीकरण

घरगुती मत्स्यपेटीतील पाणी माशांना राहण्याजोगे ठेवण्याची साधने व पद्धती. गढूळपणा घालवणे हा या शुद्धीकरणाचा डोळ्यांना दिसणारा भाग असला, तरी पाण्यात विरघळलेल्या अमोनियाची विल्हेवाट लावणे हे त्याचे मुख्य काम होय. मासे अमोनिया प्रामुख्याने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेले खाद्य, विष्ठा व कुजणारी पाने यांतूनही तो सुटतो. नदी-तलावाच्या विस्तारात त्याचे प्रमाण नगण्य राहते, परंतु थोड्या लिटर पाण्याच्या पेटीत ते काही दिवसांतच घातक पातळी गाठू शकते.

काचेच्या पेटीत जलचर पाळून अभ्यासण्याचा आरंभ कोणी केला, याविषयी एकमत नाही. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक झान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत आर्गोनॉट या सागरी मृदुकाय प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या होत्या व काही लेखक हा मान त्यांना देतात. शुद्धीकरणापुरते पाहिले, तर लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा १८५० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक निर्णायक मानावा लागतो. त्यांनी गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ते टिकवून दाखवले. वनस्पतीने ऑक्सिजन पुरवावा आणि सडलेली पाने गोगलगायींनी खावीत, अशी ही मांडणी होती. तिच्यामुळे ‘समतोल पेटी’ची कल्पना दीर्घकाळ प्रभावी राहिली, मात्र सूक्ष्मजीवांचा वाटा वॉरिंग्टन यांच्या हिशेबात नव्हता.

तो वाटा १८७७ मध्ये श्लोसिंग व म्यून्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी उघड केला. वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच बदल दिसला नाही. नंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली आणि मातीचे धुवण घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली, यावरून ती सजीवांकडून घडते हे स्पष्ट झाले. ही नळी म्हणजे आजच्या जैविक फिल्टरचीच रचना होय, आणि नव्या पेटीला स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे का लागतात, याचे उत्तरही त्या सुरुवातीच्या वीस दिवसांत आहे. पुढे १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे केले व अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट हे दोन टप्पे वेगवेगळे जीवाणू पार पाडतात असे दाखवले.

हे जीवाणू नेमके कोणते, हा प्रश्न मत्स्यपेटीच्या बाबतीत अलीकडे पुन्हा उघडला गेला आहे. पहिल्या टप्प्याचे श्रेय नायट्रोसोमोनासला व दुसऱ्याचे नायट्रोबॅक्टरला देण्याची जुनी प्रथा अनेक पुस्तिकांत अजूनही आढळते. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचे ऑक्सिडीकरण मुख्यतः नायट्रोस्पायरा गटाशी निगडित असल्याचे दिसून आले. २००५ मध्ये सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयाच्या सागरी टाकीतून अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा एक आर्किया (जीवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव) वेगळा करण्यात आला आणि २०११ च्या एका पाहणीत गोड्या पाण्याच्या बहुतेक फिल्टरांत आर्कियांचेच प्राबल्य आढळले. दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करणाऱ्या नायट्रोस्पायरांचे वर्णन २०१५ मध्ये झाले. पाण्यात अमोनिया अत्यल्प असताना आर्किया व जास्त असताना नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू वरचढ ठरतात, हे स्पष्टीकरण सध्या अधिक ग्राह्य वाटते. नव्या पेटीत घालण्यासाठी मिळणाऱ्या बाटलीबंद जीवाणूंच्या उपयुक्ततेबाबत अनुभव परस्परविरोधी आहेत, त्याचे एक कारण यात असू शकते. चालू, निरोगी पेटीतील वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवणे हा त्यामानाने अधिक भरवशाचा मार्ग आहे.

अमोनियाची विषारिता सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याच्या मापावर) अवलंबून असते. २५° से. तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०·५% भागच मुक्त, म्हणजे विषारी रूपात असतो; सामू ८ ला तो सुमारे ५% होतो व ९ ला एक-तृतीयांशाहून अधिक. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते, त्यामुळे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य असून ते पाणी बदलून व वनस्पतींच्या वाढीतून कमी होते. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या पूर्ण नायट्रीकरणास, म्हणजे त्याचे नायट्रेट होण्यास, सुमारे ४·५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो व कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात ७·१४ ग्रॅम अल्कता (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) खर्च होते. फिल्टरची निवड व निगा या दोहोंचा पाया या दोन आकड्यांत आहे.

निवड करताना पंप ताशी किती लिटर पाणी फिरवतो याकडेच सहसा पाहिले जाते. पेटीच्या आकारमानाच्या चार ते सहा पट पाणी ताशी फिरावे, असा संकेत रूढ आहे. परंतु जीवाणूंना चिकटण्यास किती पृष्ठभाग मिळतो व तेथे ऑक्सिजन किती पोहोचतो, हे निकष त्याहून महत्त्वाचे होत. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त, पिलांना निर्धोक व लहान पेटीस पुरेसा असतो. पेटीच्या काठावर टांगण्याचा फिल्टर मध्यम पेटीस सोयीचा पडतो. बाहेर ठेवण्याच्या बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरमध्ये जीवाणूंना चिकटण्यासाठीचे सच्छिद्र माध्यम सर्वाधिक मावते. तथापि वीज काही तास गेल्यास आतील ऑक्सिजन संपून पाणी कुजते, म्हणून ते पेटीत परतण्यापूर्वी ओतून टाकावे. तळातील रेतीखालून पाणी ओढणारी जुनी पद्धत परिणामकारक असली, तरी रेतीत गाळ साचत राहत असल्याने व वनस्पतींच्या मुळांना ती फारशी मानवत नसल्याने मागे पडली आहे. बेट्टासारख्या संथ पाण्यातील माशांना जोराचा प्रवाह सोसत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

क्रियाशील कार्बन औषधांचे अवशेष, रंग व वास शोषतो. अमोनियावर त्याचा उल्लेखनीय परिणाम होत नाही. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आयन-विनिमयाने अमोनिया धरून ठेवते, परंतु मिठाच्या पाण्यात तो सोडून देते, त्यामुळे सागरी पेटीत ते निरुपयोगी ठरते. सागरी पेटीत सेंद्रिय द्रव्ये फेसाबरोबर काढून टाकणारे प्रोटीन स्किमर वापरतात.

निगा राखताना बहुतेक नुकसान अतिस्वच्छतेमुळे होते. स्पंज व माध्यम पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जीवाणूंना मारक ठरतो. सर्व माध्यम एकाच वेळी बदलू नये. दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास १० ते २५% पाणी बदलणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. भरण्याच्या पाण्यातील क्लोरिन सोडियम थायोसल्फेटने नष्ट होतो. क्लोरामाइन (क्लोरिन व अमोनिया यांचे संयुग) असल्यास मात्र त्यातून अमोनिया मोकळा होतो, हे लक्षात ठेवून योग्य द्रावण निवडावे लागते.

दीर्घकाळ दुर्लक्षिलेल्या पेटीत अल्कता संपत जाऊन सामू घसरतो व नायट्रीकरण मंदावते. साचलेला अमोनिया आम्ल पाण्यात जवळजवळ निरुपद्रवी रूपात राहतो, त्यामुळे मासे वरकरणी ठीक दिसतात. अशा पेटीत एकदम पुष्कळ ताजे पाणी घातल्यास सामू चढून तोच अमोनिया विषारी बनतो व मासे काही तासांत दगावू शकतात. म्हणून आधी अमोनिया व सामू मोजावा आणि थोडे थोडे पाणी बदलत काही दिवसांत पेटी पूर्वस्थितीवर आणावी.